फोर्ड मॉडेल ए च्या इंजिनात व्हाइट मेटल काढून शेल बेअरिंग बसवताना

फोर्डच्या 1928 ते 1931 च्या मॉडेल ए गाड्यांचं चार सिलिंडरचं इंजिन 200.5 घनइंचांचं, म्हणजे सुमारे 3.3 लिटरचं. 2200 आरपीएमला 40 हॉर्सपॉवर आणि क्रँकला (पिस्टनच्या हालचालीनं फिरणारा मुख्य दांडा) फक्त तीन मेन बेअरिंग, म्हणजे त्याला ब्लॉकमध्ये धरणारी. कारखान्यातून ते निघालं तेव्हा मेन आणि बिग एंड (कनेक्टिंग रॉडचं क्रँककडचं टोक), दोन्हीकडे व्हाइट मेटल (बेअरिंगचा मऊ मिश्रधातू) थेट ब्लॉकमध्ये आणि कनेक्टिंग रॉडमध्ये ओतलेलं असे. आपल्याकडे आलेल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाड्यांचं इंजिनही याच घडणीचं. नीट ओतलेलं आणि नीट बोअर केलेलं व्हाइट मेटल आजही उत्तम चालतं. पण ते ओतणारे कारागीर आता मोजकेच राहिलेत आणि कामात पकड कमी राहिली की थर सुटून तुकडे पडतात. म्हणून शेल बेअरिंग, म्हणजे दोन अर्ध्या तुकड्यांचं, तयार मिळणारं पातळ बेअरिंग. यात शेल हा सगळ्यात सोपा भाग आहे. खरं काम दोन ठिकाणी असतं: शेल ज्यात बसतो ते घर आणि शेलपर्यंत पोचणारं ऑइल.

व्हाइट मेटलच्या बेअरिंगमध्ये कॅपखाली (बेअरिंगचा बोल्टनं आवळायचा अर्धा भाग) शिम, म्हणजे पातळ पत्र्या असतात. झीज झाली की एक पातळ शिम काढायची, कॅप पुन्हा आवळायची, गाडी पुढे चालते. शेलला हे चालत नाही. शेलचा प्रत्येक अर्धा तुकडा घराच्या अर्ध्या भागापेक्षा 1 ते 2 थाऊ उंच ठेवलेला असतो (1 थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, 0.025 मिमी). कॅप आवळल्यावर ही उंची दाबली जाते आणि शेल घराला घट्ट चिकटतो. याला क्रश म्हणतात. शेलला फिरण्यापासून रोखतो तो क्रश. टँग (शेलच्या कडेचा बाहेर आलेला छोटा कान) फक्त शेल जागेवर ठेवायला असते. त्यामुळे शिम घालणं किंवा कॅप कानशीनं घासून ‘टाइट’ करणं, दोन्ही बंद. शिम घातली तर क्रश जातो आणि शेल फिरतो. कॅप घासली तर घर लंबगोल होतं आणि जोडाजवळ शेल आत दबतो.

आधी क्रँक बघायचा. मॉडेल ए च्या मूळ क्रँकला काउंटरवेट नसतात, त्यामुळे तो वेगात वाकतो आणि जर्नलच्या (बेअरिंगमध्ये फिरणारा क्रँकचा गोल भाग) कोपऱ्यात तडा जातो. ग्राइंडिंगवर पैसे घालण्याआधी मॅग्नाफ्लक्स (चुंबकानं बारीक तडे शोधणारी चाचणी) करून घ्या. तडा सापडला तर तो क्रँक भंगारात. वेल्डिंगचा विचारही नको. मग दोन्ही टोकांच्या मेनवर व्ही-ब्लॉक लावून मधल्या मेनला डायल ठेवा. रनआउट (फिरवताना डायलवर दिसणारा वाकडेपणा) 1 थाऊच्या वर असेल तर आधी सरळ करायचा, नंतर ग्राइंड. जर्नलचा मूळ व्यास मेनला साधारण 1.625 इंच आणि बिग एंडला 1.5 इंच. शेल 10, 20, 30 थाऊ अंडरसाइजमध्ये (ग्राइंड करून तेवढ्या बारीक झालेल्या जर्नलसाठी) येतात, पण शेल हातात आल्याशिवाय क्रँक ग्राइंड करायला देऊ नका. ग्राइंडरला दोन गोष्टी स्पष्ट सांगा. कोपऱ्यातला रेडियस (गोलाई) शाबूत हवा, कारण चौकोनी कोपऱ्यातूनच तडा सुरू होतो. आणि तो रेडियस शेलच्या कडेला लागता कामा नये. लागत असेल तर शेलच्या कडेला चॅम्फर करायचं, रेडियस कमी करायचा नाही. ग्राइंडिंगनंतर पॉलिशही हवंच, निव्वळ ग्राइंड केलेला जर्नल शेलला कानशीसारखा लागतो.

रॉडमधलं जुनं व्हाइट मेटल गॅसच्या ज्योतीनं वितळवू नका, रॉड वाकतो. ते बोअर करूनच काढा. कॅप आणि रॉडचे जोड सपाट करून, बोल्ट 35 फूट-पाउंडला (47 न्यूटन-मीटर) आवळून मगच घर बोअर करायचं. माप शेल बनवणाऱ्याच्या तक्त्यातलं घ्यायचं, अंदाजानं नाही. नंतर टँगच्या खाचा. घराची गोलाई बोअर गेजनं तीन दिशांना तपासा: उभी आणि तिच्या दोन्ही बाजूंना 60 अंशांवर. अर्ध्या थाऊपेक्षा जास्त फरक असेल तर काम परत करायला लावा. मशीनिंगनंतर चारही रॉडचा वाक आणि पीळ तपासायचा आणि वजन 2 ग्रॅमच्या आत जुळवायचं, बिग एंड आणि स्मॉल एंड वेगवेगळे तोलून.

मेनसाठी लाइन बोरिंगला पर्याय नाही. तिन्ही घरं एकाच बारनं, कॅप 80 फूट-पाउंडला (108 न्यूटन-मीटर) आवळलेल्या अवस्थेत बोअर व्हायला हवीत. बारची जागा कॅमशाफ्टपासून मोजून ठरवा. क्रँक कॅमच्या दिशेला सरकला तर टायमिंग गिअर कर्कश वाजतात, लांब गेला तर खडखडतात. थ्रस्ट (क्रँकच्या लांबीच्या दिशेचा दाब) मागच्या मेनवर येतो, तिथे क्रँकचा एंड प्ले (मागेपुढे सरकण्याची मोकळीक) 4 ते 6 थाऊ ठेवायचा.

आता ऑइल. इथेच बहुतेक कामं फसतात. या इंजिनात पंप ऑइलला व्हॉल्व्ह चेंबरमध्ये चढवतो, तिथून ते उताराच्या नळ्यांनी मेनपर्यंत जातं आणि उरलेलं खालच्या तबकातल्या पन्हाळ्यांत पडतं. रॉडच्या कॅपला लावलेले डिपर त्यातून ऑइल उचलतात. म्हणजे बिग एंडला दाबानं ऑइल मिळतच नाही. कॅपमध्ये डिपरसमोर जे भोक असतं, त्याच्या अगदी समोर शेललाही भोक हवं. शेल बसवून त्या भोकातून बारीक तार आरपार घालून बघा. अर्धं भोकही झाकलेलं असेल तर तो रॉड काही किलोमीटरांतच ठोकायला लागतो. शेलला पाडलेल्या भोकाची कड आतल्या बाजूनं मऊ करा, बर (भोक पाडताना कडेला राहणारी धातूची धारदार कुसळं) शिल्लक राहता कामा नये. डिपरचं उघडं तोंड कॅमशाफ्टच्या बाजूला, म्हणजे खाली असताना क्रँक ज्या दिशेला जातो त्या दिशेला हवं.

आमचं स्पष्ट मत असं: गाडी रॅलीत आणि रविवारी शहरात 60 किमीच्या वेगानं फिरवायची असेल तर डिपरवर शेल छान टिकतात. घाटातून लांब पल्ल्याचे प्रवास करायचे असतील तर मेनला दाबाचं ऑइल, आतून भोकं पाडलेला क्रँक आणि फुल-फ्लो फिल्टर एकदमच करा. व्हाइट मेटल जाड आणि मऊ, कचऱ्याचा कण त्यात रुतून बसतो. तीन थरांच्या शेलचा वरचा मऊ थर जेमतेम 1 थाऊ किंवा त्याहून पातळ असतो, कण तिथे मावत नाही, तो जर्नलला ओरखडे पाडतो. याच कारणानं शेलला ब्लू (कुठे टेकतंय ते दाखवणारा निळा रंग) लावून स्क्रेपरनं घासायचं नाही. व्हाइट मेटलवर हात बसलेले जुने मिस्त्री सवयीनं हे करायला जातात. त्यांना आधीच सांगून ठेवा.

जोडणीच्या दिवशी ब्लॉकच्या प्रत्येक नळीतून ब्रश आणि हवा मारा. शेलची पाठ आणि घर कोरडं, पूर्ण स्वच्छ. ऑइल फक्त आतल्या बाजूला. क्लिअरन्स (शेल आणि जर्नलमधली फट) मेन आणि बिग एंड दोन्हीकडे दीड ते 2 थाऊ. प्लास्टिगेज (दाबून चपट झाल्यावर फट मोजून देणारा प्लास्टिकचा धागा) उभ्या दिशेतच वाचायचा, कारण शेल जोडाजवळ मुद्दाम पातळ केलेला असतो आणि तिथलं माप फसवं येतं. प्लास्टिगेज लावला असताना क्रँक फिरवू नका. शेवटी क्रँक, पिस्टन लावण्याआधी, एका हातानं अडखळल्याशिवाय फिरायला हवा. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट मागे सोडायचा नाही. थोडा पुढे आवळायचा किंवा नटचा तळ किंचित घासून घ्यायचा.

पहिल्यांदा चालू करण्याआधी तबकाच्या पन्हाळ्या ऑइलनं भरा आणि व्हॉल्व्ह चेंबरमध्येही ऑइल ओता. एकूण सुमारे पावणेपाच लिटर लागतं. आपल्या हवेत 15डब्ल्यू-40 ठीक. अर्धा तास चालवून ऑइल गरम असतानाच बदला, मग 500 किमीला पुन्हा. पहिले 800 किमी वेग 60 च्या आत, पण एकाच वेगात रेंगाळू नका.

ठोका आला तर एकेका प्लगचा स्पार्क बंद करून ऐका. ज्या सिलिंडरला आवाज दबतो, त्याचा बिग एंड उघडा. शेल बघितल्यावर कारण कळतं. जोडाजवळ चमकणारे पट्टे म्हणजे कॅप सरकलेली किंवा घर लंबगोल. एकाच कडेला घासलेलं म्हणजे रॉड वाकलेला किंवा जर्नल निमुळता. दोन्ही कडांना घासलेलं म्हणजे रेडियस लागतोय. पाठीवर चकाकणारे डाग म्हणजे शेल घरात हलतोय, क्रश कमी पडला. असा शेल बदलून भागत नाही, घरच पुन्हा मापात आणावं लागतं. आणि मधोमध तांब्याचा रंग उघडा पडला असेल, कडा मात्र शाबूत असतील, तर सगळ्यात आधी डिपरचं भोक आणि पंपाची जाळी तपासा.