डाळीचं प्रोटीन घरी काढायचंय? आधी ४.५ वर थांबायला शिका

गेल्या मार्चमध्ये पलीकडच्या गल्लीतली एक मुलगी पातेलं घेऊन दारात उभी राहिली. आत पिवळट, चिकट खळ. "काकू, रात्रभर ठेवलंय, खाली बसंना की ओ." मक्याचं पीठ पाण्यात उकळायचं, लिंबू पिळायचं, की दूध नासल्यासारखं प्रोटीन वेगळं होतं, असं तिनं कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं होतं. पातेल्यात होतं ते स्टार्च, तेही शिजलेलं. तसली खळ आपल्या सोलापुरात सुताच्या ताण्याला लावतात. त्यातून प्रोटीन काढायला बसलं तर दिवाळी येईल.

थॉमस ऑसबर्न या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञानं धान्यांतल्या प्रोटीनची वर्गवारी केली ती एका साध्या प्रश्नावरून: हे विरघळतं कशात? पाण्यात, मिठाच्या पाण्यात, पाणी मिसळलेल्या अल्कोहोलमध्ये, की सौम्य अल्कलीत, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाच्या, सोड्यासारख्या द्रावणात? हरभरा, तूर, मूग यांचं बरंचसं प्रोटीन दुसऱ्या गटातलं, आणि ते अल्कलीतही छान उतरतं. मक्याचं झेइन आणि ज्वारीचं काफिरिन तिसऱ्या गटातलं. त्यांना नुसत्या पाण्यात कितीही उकळा, ढिम्म हलत नाहीत. म्हणून खायला प्रोटीन हवं असेल तर हरभऱ्यापासून सुरुवात करा. मक्याकडे शेवटी येते, कारण त्याचा उपयोगच वेगळा आहे.

मी कडक भाकरीच्या पिठात घालायला हे काढते. ज्वारीत लायसिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि हरभऱ्यात ते भरपूर असतं, म्हणून ही जोडी जमते.

डाळ आणि पाणी

साधी, न भाजलेली हरभरा डाळ घ्या. फुटाण्याची डाळ नको: भाजताना प्रोटीन आकसून बसतं आणि मग विरघळत नाही. गिरणीतून पीठ गरम होऊन येतं, तेव्हा मिक्सरमध्ये थांबत थांबत बारीक करा. तयार बेसन मी घेत नाही, त्यात वाटाणा किती आहे ते दळणाऱ्यालाच ठाऊक.

एक किलो पिठाला दहा लिटर पाणी. बोअरचं अजिबात नको. आमच्याकडे नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे पहिले चार प्रयोग मी बोअरच्या पाण्यावर केले आणि चारही वाया घालवले. जड पाण्यातलं कॅल्शियम प्रोटीनला आधीच धरून ठेवतं, ते चोथ्याबरोबर फेकलं जातं. "चुन्याची निवळी वापरा, नैसर्गिक असते" हा सल्लाही याच कारणासाठी कुचकामी. फिल्टरचं पाणी घ्या.

विरघळवणं

खाद्य दर्जाच्या कॉस्टिक सोड्याचं पातळ द्रावण, लिटरला ४० ग्रॅम. सोडा पाण्यात टाकायचा, पाणी सोड्यावर ओतायचं नाही. हातमोजे घाला, चष्मा लावा, भांडं स्टीलचं घ्या. ॲल्युमिनियमला कॉस्टिक खातं. पीठ कालवून थेंब थेंब सोडत पीएच, म्हणजे आम्ल-अल्कलीचं माप (७ मधोमध, त्याखाली आम्ल, वर अल्कली), ९ वर आणा आणि तासभर ढवळत राहा. खाण्याच्या सोड्यानं ९ गाठता येत नाही, आणि पुढे आम्ल घातलं की तो नुसता फसफसतो. १०.५ च्या वर मात्र जाऊ नका. तिथं प्रोटीन जास्त निघतं हे खरं, पण ज्या लायसिनसाठी हा खटाटोप, तेच नासतं आणि वासही बिघडतो. पाणी गार किंवा जेमतेम कोमट. ६० अंशांच्या पुढे स्टार्च फुगायला लागतं आणि त्या मुलीच्या पातेल्यासारखी गत होते. एप्रिल-मे मध्ये मी पहाटे पाचला बसते. दुपारच्या ४२ अंशांत हे पाणी बघता बघता आंबतं.

मलमलच्या कापडातून गाळा. चोथा थालीपिठात घाला. गाळलेलं पाणी दोन तास फ्रिजमध्ये ठेवा, तळाशी स्टार्चचा पांढरा थर घट्ट बसतो. कुरडयांचा चीक काढलेल्यांना हे सांगायला नको. फरक इतकाच, की तिथं आपण चीक ठेवून वरचं पाणी ओतून देतो आणि इथं सगळी कमाई वरच्या पाण्यात असते.

खाली बसवणं

इथं मी दोन वर्षं घालवली. बाकी सगळं कुणालाही जमतं.

पीएच ९ ला प्रोटीनच्या प्रत्येक कणावर ऋण भार असतो. सारखे भार एकमेकांना ढकलतात, म्हणून कण पाण्यात तरंगत राहतात. आम्ल घालत गेलं की भार कमी होतो आणि साधारण ४.५ ला धन-ऋण सारखे होऊन हिशेब शून्यावर येतो. ढकलाढकली संपते, कण एकमेकांना चिकटतात, जड होतात, खाली बसतात. आणखी आम्ल घातलंत तर भार पुन्हा चढतो, आता धन, आणि बसू पाहणारं प्रोटीन परत विरघळतं. जास्त आम्ल म्हणजे जास्त प्रोटीन, असं इथं नसतं. ४.५ ही जागा दरीच्या तळासारखी आहे, दोन्हीकडून चढ.

पहिल्यांदा माझं नेमकं हेच झालं. ५ पर्यंत छान फाटत आलं होतं, फोन वाजला, मी घाईनं अर्धा ग्लास आम्ल एकदम ओतलं. परत येऊन बघते तर पाणी पुन्हा दुधट आणि पीएच मोजायचा मीटर २.९ वर. मग कॉस्टिक घालून वर आणलं, जास्त झालं, पुन्हा आम्ल. तीन हेलपाटे झाले. प्रत्येक हेलपाट्यात आम्ल आणि अल्कलीचं मीठ तयार होतं आणि हरभऱ्याचं हे प्रोटीन मिठाच्या पाण्यात विरघळणाऱ्या जातीचं. शेवटी पीएच बरोबर ४.५, आणि खाली बसलं ते जेमतेम वाटीभर, तेही गाळासारखं बारीक. ओलांडलंत तर एकदाच हलक्या हातानं मागे या. दुसऱ्यांदा चुकलं तर सोडून द्या. आणि "चिमूटभर मीठ घातलं की लवकर बसतं" असं कुणी सांगितलं तर त्या माणसानं हे कधी केलेलं नाही असं खुशाल समजा.

आम्ल म्हणून सायट्रिक ॲसिड, किराण्यात लिंबूसत्व म्हणून मिळतं ते, लिटरला १०० ग्रॅम. ताजं लिंबू नको: प्रत्येकाची आंबटाई वेगळी, रस खूप लागतो, वर कडवटपणा. पातेल्यात लाकडी पळी सावकाश फिरवत ठेवा आणि ती फिरते त्या धारेत आम्ल बारीक सोडा. एका जागी ओतलं की तिथल्या तिथं गाठी होतात. बाहेरून फाटलेल्या, आत अल्कलीचं पाणी तसंच. रवी किंवा ब्लेंडर तर लावूच नका, फेस होतो. फेसात अडकलेलं प्रोटीन ना वर राहतं ना खाली येतं.

मीटर घ्याच, हजार-बाराशेचा साधा चालेल. रोज ४ आणि ७ च्या द्रावणात जुळवून घ्या. लिटमसच्या पट्टीवर भरवसा नको, गढूळ पिवळट पाण्यात तिचा रंग आपल्याला हवा तसा दिसतो. मीटरच्या टोकावर प्रोटीनचा थर बसतो आणि आकडा मागे राहतो. म्हणून दर वेळी टोक धुवा, बुडवल्यावर अर्धा मिनिट थांबा, मग वाचा. ५.५ पर्यंत धार चालेल. तिथून पुढे चमचा चमचा, आणि दोन चमच्यांत एक मिनिट.

डोळ्यांनीही कळतं. साडेपाचच्या आसपास पाणी दुधासारखं पांढरं होतं. ५ ला पळीच्या पाठीला बारीक रवा चिकटलेला दिसतो. ४.६ ला पळी थांबवली की रव्याचे पुंजके होतात आणि त्यांच्या मधून पिवळसर, आरपार दिसणारं पाणी डोकावतं. ते पाणी दिसलं की हात आवरा. पळी काढा, झाकण ठेवा, रात्रभर फ्रिजमध्ये. "अजून थोडं निघेल" हा मोह मला अजूनही होतो. वरच्या पाण्यात थोडं प्रोटीन राहतंच, ते पाण्यात विरघळणाऱ्या गटातलं असतं, त्याच्या मागे लागू नका.

खरंच प्रोटीन आहे का, हे बघायचं असेल तर चिमूटभर गोळा थोड्या कॉस्टिकच्या पाण्यात विरघळवा आणि मोरचुदाच्या अगदी पातळ द्रावणाचा एक थेंब टाका. मोरचूद द्राक्षवाल्या कुणाकडेही असतं, बोर्डो मिश्रणासाठी. जांभळा रंग आला म्हणजे प्रोटीन. तो नमुना फेकायचा, चाखायचा नाही.

धुणं आणि वाळवणं

वरचं पाणी नळीनं ओढून काढा. गोळा दोनदा धुवा, पण साध्या पाण्यानं नाही, आम्ल घालून ४.५ केलेल्याच पाण्यानं, नाहीतर कमावलेलं परत विरघळून जाईल. मग चक्क्यासारखं टांगा. दोन दिवसांत संपवणार असाल तर ओलंच वापरा. ठेवायचं असेल तर थोड्या पाण्यात कालवून कॉस्टिकच्या थेंबांनी पीएच ७ वर आणा, ताटात पातळ पसरा, ड्रायरमध्ये ५० अंशांना वाळवा आणि दळा. आमचं ऊन फुकट असलं तरी धूळही फुकट येते. किलोभर डाळीतून माझ्या हाती शंभर-सव्वाशे ग्रॅम येतं.

थोडा बदल

हे कच्चं खायचं नाही. डाळीतले ट्रिप्सिनला, म्हणजे पोटात प्रोटीन पचवणाऱ्या एन्झाइमला, अडवणारे घटक यातही थोडे उतरतात, उष्णतेनं ते निष्प्रभ होतात. पीएच ७ ला ९० अंशांवर वीस मिनिटं तापवलेलं प्रोटीन पाणी जास्त धरतं, कबाब-कटलेट बांधायला चांगलं. पेयात मिसळायचं असेल तर पपेन, म्हणजे पपईच्या चिकातलं एन्झाइम, लावा. ५० ते ५५ अंश, वीस मिनिटं, की लगेच ९० अंशांना दहा मिनिटं ठेवून ते थांबवा. एकदा मी तासभर तसंच राहू दिलं आणि मेथीच्या बियांनाही लाजवेल असं कडू झालं.

भाकरीला किलोभर ज्वारीच्या पिठात ऐंशी ग्रॅम, त्याहून जास्त नको, थापताना कडा फाटतात. पीठ उकळत्या पाण्यात मळा आणि नेहमीपेक्षा अर्धी वाटी पाणी जास्त धरा.

आता मका

झेइनचं नाव १८२१ सालचं, जॉन गोरहम यांनी ठेवलेलं. त्यात लायसिन आणि ट्रिप्टोफॅन ही गरजेची अमिनो आम्लं जवळजवळ नाहीतच, त्यामुळे पोटासाठी त्याच्या मागे लागण्यात अर्थ नाही. त्याचा गुण दुसरा: चकचकीत, पाणी न शिरणारा पातळ थर. गोळ्या-औषधांवर आणि मिठाईवर त्याचा लेप देतात. अमेरिकेत १९४८ ते १९५७ पर्यंत त्यापासून विकारा नावाचा धागाही निघत होता. विणकरांच्या गावात ही गोष्ट सांगितली की लोक हसतात, पण खरी आहे.

पीठ घेऊ नका. स्टार्चच्या कारखान्यातून निघणारं, पशुखाद्याच्या दुकानात मिळणारं पिवळं मक्याचं ग्लुटेन घ्या. त्यात साठ टक्क्यांच्या आसपास प्रोटीन असतं. एक भागाला पाच भाग ७० टक्के अल्कोहोल. जिल्ह्यात साखर कारखान्यांची रांग आहे, पण इथेनॉल उत्पादन शुल्क खात्याच्या परवान्याशिवाय मिळत नाही. म्हणून मी आयसोप्रोपिल वापरते, आणि म्हणूनच माझं झेइन खाण्यासाठी नाही, खाऊच्या वेष्टनासाठीही नाही, फक्त पुठ्ठ्यावर आणि कागदावर लावायला. बरणी गरम पाण्याच्या पातेल्यात ठेवून तासभर हलवा. गॅस बंद, खिडक्या उघड्या, आसपास उदबत्तीसुद्धा नको. गाळून ते सोनेरी पाणी पाचपट गार पाण्यात ओता, चिकट गोळा जमतो. ज्वारीचं काफिरिन याहून हट्टी, माझ्याकडून नीट निघालेलं नाही.

थर करायचा तर गोळा पुन्हा थोड्या अल्कोहोलमध्ये विरघळवा आणि झेइनच्या पाव वजनाइतकं ग्लिसरीन घाला, नाहीतर पापडासारखा तडकतो. काचेवर ओतून पूर्ण वाळू द्या. मग ब्लेड कडेनं फिरवून सावकाश सोडवा. मधून उचकटलंत तर तुकडेच हाती येतात.