हापूस थेट गिऱ्हाइकाला विकताय? विश्वास कसा मिळवायचा आणि टिकवायचा

बाग तुमची आहे, आंबा चांगला आहे, व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेता येते आणि पैसे यूपीआयने येतात, एवढं धरूनच लिहितेय. लोगो कसा करावा, रील कधी टाकावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. पण गिऱ्हाइकाने आंबा कापला आणि आत साका, म्हणजे बाहेरून न दिसणारा बिघडलेला गर, निघाला तर काय करायचं, हे त्यातलं कुणी सांगत नाही. आमच्या बागेच्या पेट्या रत्नागिरीहून पुण्या-ठाण्याला जातात. इतक्या हंगामांनंतर सांगते, गिऱ्हाईक राहणार की जाणार ते त्या कापलेल्या आंब्यावर ठरतं.

१. आंबा कुठला ते स्पष्ट लिहा

स्वतःचं पूर्ण नाव, गाव, तालुका आणि चालू असलेला फोन नंबर लिहा. फोटो याच वर्षीचे, आपल्याच झाडांचे टाका. कर्नाटकातला आंबा रत्नागिरी-देवगडच्या नावावर विकला जातो हे आता शहरातल्या माणसाला ठाऊक आहे, त्यामुळे त्याचा पहिला प्रश्न तोच असतो. हापूसला ऑक्टोबर २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं ते रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या ५ जिल्ह्यांसाठी. अधिकृत वापरकर्ता म्हणून तुमची नोंदणी झाली असेल तरच त्या मानांकनाचं चिन्ह पेटीवर लावा. आणि मे महिन्यात आपला माल संपला म्हणून शेजारच्या गावातून घेत असाल, तर तेही सांगा. मी सांगते. त्यावरून आजवर एकही ऑर्डर रद्द झालेली नाही.

२. भावाबरोबर तारीख आणि वजन द्या

मार्चचा भाव मेमध्ये राहत नाही. तारीख नसलेला भाव पाठवला की मार्चमध्ये घेणाऱ्याला मेमध्ये आपण लुटले गेलो असं वाटतं. ‘डझन’ एवढंच लिहू नका, एका फळाचं वजन किती ते ग्रॅममध्ये लिहा.

३. कसा पिकवता ते सांगा

पेंढ्यातल्या आढीत की आणखी कसा, ते एका ओळीत लिहा. कॅल्शियम कार्बाइडवर बंदी आहे, त्यामुळे ‘आम्ही कार्बाइड वापरत नाही’ ही काही मिरवायची गोष्ट नाही.

४. साका निघाल्यावर

इथे मी स्वतः चुकले होते, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिल्याच हंगामात ठाण्याच्या एका काकूंनी २ डझन आंबे घेतले. व्याही जेवायला यायचे होते. त्यांनी पानं वाढली, आंबा कापला तर कोयीभोवतीचा गर पांढरट, स्पंजासारखा, चवीला आंबट. दुसराही तसाच. एकूण ४ फळं तशी निघाली. दुपारी त्यांचा फोन आला. मी काय म्हणावं? “बाहेरून तर चांगला होता ना? पिकवताना तुमच्याकडून काही झालं असेल.” मग मी फोटो मागितले. फोटो आले तर म्हटलं, नीट दिसत नाही, उजेडात काढा. मग घरात विचारते म्हणाले. नवव्या दिवशी ४ आंब्यांचे पैसे परत पाठवले आणि विषय मिटला असं समजले.

काकूंनी पुन्हा आंबा घेतला नाही. त्यांच्या सोसायटीतल्या ज्या घरांनी त्यांच्या शब्दावर माझ्याकडे पेट्या सांगितल्या होत्या, त्यांनीही दुसऱ्या वर्षी फोन उचलला नाही. पैसे तर सगळे परत दिले होते. पण व्याह्यांसमोर त्यांची मान खाली गेली होती आणि त्यावर मी त्यांच्याच हाताला दोष दिला होता. त्याची भरपाई ४ आंब्यांच्या किमतीत कशी होणार?

साका म्हणजे काय ते आधी स्वतः नीट समजून घ्या, म्हणजे फोनवर चिडचिड होत नाही. तो बाहेरून दिसत नाही. साल सोनेरी, वास घमघमीत, देठाशी कुठे डाग नाही, आणि आत गर बिघडलेला. तापलेल्या जमिनीची झळ आणि आतल्या कोयीत सुरू झालेली रुजण्याची हालचाल ही त्याची कारणं सांगितली जातात. फळ झाडावर जास्त दिवस राहिलं की तो वाढतो. म्हणून १४ आणे, म्हणजे पूर्ण तयार होण्याच्या थोडं आधीचं, फळ उतरवायचं, झाडाखाली पालापाचोळ्याचं आच्छादन ठेवायचं आणि तोडलेला आंबा क्षणभरही उन्हात ठेवायचा नाही. एवढं करूनही एखादं फळ निघतंच, कारण हा हापूस जातीचाच दोष आहे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाने नीलम आणि हापूसच्या संकरातून १९८१ साली काढलेल्या रत्ना जातीत साका नाही. पण गिऱ्हाइकाला हापूसच हवा असतो, तेव्हा साक्याची जबाबदारीही हापूस विकणाऱ्यानेच घ्यायची.

म्हणून पैसे घेण्याच्या आधी प्रत्येकाला हा मजकूर जातो, साका असलेल्या कापलेल्या आंब्याच्या फोटोसकट:

‘हापूसमध्ये कधीकधी साका निघतो. तो बाहेरून आम्हालाही ओळखता येत नाही. असा आंबा निघाला तर कापलेल्या फळाचा एक फोटो पाठवा. त्या फळाचे पैसे त्याच दिवशी परत मिळतील. पेटी मिळाल्यापासून १० दिवसांपर्यंत कधीही कळवा.’

हे आधीच सांगितलं तर गिऱ्हाईक बिचकेल, असा सल्ला मला अनेकांनी दिला. तो सल्ला ऐकू नका. आधी सांगितलेला साका हा आंब्याचा दोष असतो. न सांगता निघाला की ती फसवणूक वाटते. ज्याला माहीत असतं तो शांतपणे फोटो पाठवतो. ज्याला माहीत नसतं तो आधी सोसायटीच्या ग्रुपवर लिहितो आणि मग तुम्हाला फोन करतो.

तक्रार आली की पहिलं वाक्य एकच: “वाईट वाटलं, किती फळं खराब निघाली?” कारणमीमांसा नंतर, तीही विचारली तरच. साका आहे, देठकूज आहे, फळमाशी आहे की टेम्पोत दबलाय, यावर वाद घालू नका. सगळ्याचे पैसे द्या. वाहतुकीत पेटी चेपली तर भांडण वाहतूकवाल्याशी तुमचं तुम्ही करा, गिऱ्हाइकाला त्यात ओढू नका. ‘पुढच्या पेटीत जास्तीचे घालून देते’ असंही आपणहून म्हणू नका, कारण त्याला पुढची पेटी घ्यायचीय की नाही हे अजून ठरलेलं नसतं. पैसे की आंबे, हे त्याला निवडू द्या. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात अशी मुदत आहे. महिन्याभरात आंब्याचा हंगामच उलटतो. त्याच दिवशीची रात्र ही तुमची मुदत.

फुकटे लोक याचा फायदा घेतील, ही भीती मलाही होती. तसे थोडे भेटतात. दर पेटीला न चुकता खराब फळं सांगणारा माणूस दोन हंगामांत ओळखू येतो. त्याची ऑर्डर पुढे घेऊ नका. पण त्याच्यासाठी बाकीच्या सगळ्यांकडे व्हिडिओ आणि पुरावे मागत बसू नका.

५. पैसे परत करताना

ज्या खात्यातून आले त्याच खात्यावर पाठवा. लिंक नको, क्यूआर कोड नको. ‘रिफंड’च्या नावाखाली लोकांची खाती रिकामी केली जातात, त्यामुळे गिऱ्हाईक धास्तावलेलं असतं आणि ते बरोबरच आहे. मी सोबत लिहिते: ‘पैसे घ्यायला पिन लागत नाही. माझ्या नावाने कुणी पिन किंवा ओटीपी मागितला तर देऊ नका, मला या नंबरवर फोन करा.’

६. अभिप्राय

घरच्यांकडून, भाच्यांकडून पाच-पाच तारे लिहून घेऊ नका. विक्रेत्याने ग्राहक बनून अभिप्राय लिहायला वर सांगितलेल्या ई-कॉमर्स नियमांतच मनाई आहे.

७. वही

एक साधी दोनशेपानी वही पुरते. नाव, पेटी गेल्याची तारीख, कुठल्या कलमांची तोड, किती फळं खराब निघाली, पैसे कधी परत गेले. दोन-तीन वर्षांत त्याच वहीत दिसू लागतं की साका बागेच्या कुठल्या भागातून जास्त येतो. आमच्याकडे तो कातळाला लागून असलेल्या कलमांचा निघाला. आता ती फळं ४ दिवस लवकर उतरवतो आणि खाली दुप्पट पाला टाकतो.

हंगाम सुरू झाला, पहिली तोड घरी आली की वही उघडा आणि गेल्या वर्षी ज्यांची फळं खराब निघाली होती त्यांना सगळ्यांत आधी फोन करा. बाकीच्यांना मेसेज गेला तरी चालतो.