वेबसॉकेटची टेस्ट कधी पास, कधी फेल: माझा अनुभव

आमची चॅट स्क्रीन वेबसॉकेटवर चालते, म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधल्या सतत उघड्या राहणाऱ्या कनेक्शनवर. तिची टेस्ट दहा वेळा चालवली की दोन-तीनदा फेल व्हायचीच. खरा सर्व्हर कधी मेसेज उशिरा द्यायचा, कधी कनेक्शनच तुटायचं. ब्राउझर टेस्ट करायच्या प्लेराइट या टूलच्या १.४८ आवृत्तीपासून राउटवेबसॉकेट मिळतं, म्हणजे वेबसॉकेट मध्येच अडवून आपणच उत्तरं द्यायची सोय; ते लावलं. तरी कनेक्शन खऱ्या सर्व्हरकडेच जाई. अर्धा दिवस डोकं खाल्लं. मी राउट लावत होतो पेज उघडल्यावर, आणि आधीच उघडलेलं सॉकेट त्याच्या हाती लागतच नाही! ती ओळ गोटोच्या, म्हणजे पेज उघडणाऱ्या कमांडच्या, वर नेली, काम झालं. खऱ्या सर्व्हरशी जोडणारं कनेक्टटूसर्व्हर कॉल केलं नाही तर खोटं कनेक्शन आपोआप उघडतं. आता मेसेज मीच पाठवतो, मध्येच सॉकेट बंद करतो आणि ‘पुन्हा जोडत आहे’ ही पिवळी पट्टी येते का बघतो. खऱ्या सर्व्हरवर हे तपासणं मला कधीच धड जमलं नव्हतं.