पावसात पक्षी बघायला जाताय? या चुका टाळा

जुलैतल्या एका रविवारी पहाटे साडेपाचला मुळशीत पोचलो आणि आठपर्यंत पत्र्याच्या शेडखाली कुडकुडत बसलो. दिसलं काय, तर एक भिजलेला कावळा. चूक माझीच, हिवाळ्याच्या सवयीने निघालो होतो. हिवाळ्यात भिगवणच्या पाणथळीवर उजाडायच्या आत पोचावं लागतं, ते ठीक. पावसाळ्यात मात्र घड्याळ नाही, उघडीप बघायची. सर थांबली की बुलबुल, कोतवाल, वेडे राघू पंख वाळवायला तारांवर येतात. मग दुपारचे दोन वाजले असले तरी चालतं.

दुर्बीण एसी गाडीतून थेट बाहेर काढलीत तर काचांवर वाफ धरणारच. पोचायच्या वीस मिनिटं आधी एसी बंद करा. काच सदऱ्याच्या टोकाने पुसू नका, चिखलाचा एक कण पुरतो ओरखडा पडायला. आधी फुंकून कण उडवा, मग मऊ कापड. पुसूनही धुकट दिसत असेल तर ओल आत शिरली आहे. घरी आल्यावर दुर्बीण सिलिका जेलच्या पुड्यांसोबत घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा. तांदळात पुरू नका, कोंडा आत जातो. बुरशी दिसली तर दुरुस्तीवाल्याकडेच द्या.

ओळखण्यातली हमखास चूक वंचकाबाबत होते. एरवी मातकट, रेघारेघांचा हा बगळा विणीच्या काळात पाठीवर गडद मरून होतो, आणि गटातला कुणीतरी ‘नवीन पक्षी!’ म्हणून ओरडतो. गायबगळ्याचंही तेच, डोकं-मान केशरी होते. शंका आली की उडू द्या: मरून पाठीखालून पांढरेशुभ्र पंख उघडले की वंचकच.

मोबाइलवर नवरंग पक्ष्याचाच आवाज वाजवून त्याला बोलावणं मला अजिबात पटत नाही. हा त्याच्या विणीचा काळ. आपल्या हद्दीत दुसरा नर आला असं समजून तो घरटं सोडून भांडायला येतो. त्यापेक्षा सकाळी किंवा तिन्हीसांजेला झाडीच्या कडेला गप्प उभे राहा, त्याची दोन सुरांची शीळ आपसूक ऐकू येते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत कर्कश ओरडू लागली तर अंडी जवळच आहेत. खड्यांसारखीच दिसतात, पायाखाली येतील. आल्या वाटेने मागे फिरा.

नुकत्याच लिंपलेल्या बांधावर तर पायच देऊ नका. एका काकूंनी मला सुनावलं होतं, “दादा, बांध फुटला तर लावणीला तुझी पाखरं येणारेत का?” पायाला जखम असेल तर खाचराच्या पाण्यातही उतरू नका, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, दूषित पाण्यातून होणारा ताप) धोका असतो.

आणि नोंदींना पेन्सिल न्या. माझ्या वहीतलं गेल्या जुलैचं एक पान जेलपेनच्या शाईने निळंशार झालंय. त्यात एवढंच वाचता येतं: ‘लाल चोच, शेपटी बहुतेक...’