चिचेन इत्झा आणि सेनोते: एका दिवसाची मार्गदर्शित सहल कशी आखावी

मेक्सिकोच्या युकातान द्वीपकल्पावर कानकूनला उतरणारे बहुतेक प्रवासी समुद्रकिनाऱ्यासाठी येतात आणि सुट्टीतला एक दिवस चिचेन इत्झा येथील माया या प्राचीन संस्कृतीचे अवशेष पाहण्यासाठी व सेनोते नावाच्या नैसर्गिक जलकुंडांत पोहण्यासाठी राखून ठेवतात. हा दिवस बहुधा एखाद्या सहल कंपनीच्या बसमधून, गाइडच्या सोबतीने जातो. तो मनासारखा जाईल की नुसती दमछाक होईल, हे जाहिरातीत किती ठिकाणांची नावे छापली आहेत यापेक्षा प्रत्येक ठिकाणी आपण किती वाजता पोहोचतो आणि तिथे किती वेळ मिळतो यावर ठरते. त्यामुळे सहलीची आखणी घड्याळापासून सुरू करावी.

आधी कागदपत्रे

भारतीय पासपोर्ट असणाऱ्यांना मेक्सिकोसाठी व्हिसा लागतो. मात्र अमेरिका, कॅनडा, ब्रिटन, जपान किंवा शेंगेन देशांचा वैध व्हिसा अथवा तिथला कायमचा रहिवास ज्यांच्याकडे आहे, त्यांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा काढावा लागत नाही. अमेरिकेत राहणाऱ्या अनेक मराठी कुटुंबांना ही सहल सोपी वाटते ती यामुळेच. भारतातून आलेले आईवडील सोबत असतील, तर त्यांचा अमेरिकेचा व्हिसा एकापेक्षा अधिक प्रवेशांचा आहे ना, हे तिकिटे काढण्यापूर्वी पाहावे, कारण प्रश्न मेक्सिकोत जाण्याचा नसून परत येण्याचा असतो. निघण्यापूर्वी मेक्सिकोच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर नियम पुन्हा एकदा वाचून घ्यावेत.

मुक्काम आणि महिना ठरवणे

कानकूनपासून चिचेन इत्झा सुमारे २०० किलोमीटर दूर आहे आणि टोलच्या महामार्गाने तिथे जायला अडीच तास लागतात. मात्र मोठी बस चार-पाच हॉटेलांतून प्रवासी गोळा करत निघते, तेव्हा हेच अंतर सहज साडेतीन-चार तासांचे होते. माझ्या मते, शक्य असेल त्यांनी आदल्या रात्री वायादोलिद या जुन्या, देखण्या गावात मुक्काम करावा आणि सहल तिथूनच घ्यावी. तिथून चिचेन इत्झा पाऊण तासावर आहे, आजूबाजूला सेनोते विपुल आहेत आणि पहाटे चारला उठण्याची शिक्षा टळते. डिसेंबर २०२३पासून टप्प्याटप्प्याने सुरू झालेल्या माया रेल्वेची वायादोलिद आणि चिचेन इत्झा अशी दोन्ही स्थानके आहेत, पण ती गावापासून आणि अवशेषांपासून काही अंतरावर असल्याने पुढच्या वाहनाची सोय पाहावी लागते.

नोव्हेंबर ते मार्च हा कोरडा आणि सोयीचा काळ. एप्रिल-मे महिन्यांतले दुपारचे ऊन विदर्भातल्या माणसालाही सोसवणार नाही, कारण त्यात समुद्राकडून येणारा दमटपणा मिसळलेला असतो. जून ते नोव्हेंबर हा वादळांचा मोसम मानला जातो. रविवारी मेक्सिकोच्या नागरिकांना पुरातत्त्वस्थळी मोफत प्रवेश असल्याने त्या दिवशी मोठी गर्दी होते, तेव्हा तो दिवस टाळावा.

सहल निवडताना विचारायचे प्रश्न

चिचेन इत्झा, दोन सेनोते, वायादोलिद, टकिला चाखणे आणि हस्तकलेचे दुकान हे सगळे एका दिवसात दाखवण्याचे आश्वासन देणारी सहल स्वस्त वाटते, पण तिचा बहुतेक वेळ बसमध्ये आणि दुकानात जातो. अशा काही सहलींचा खर्च दुकानातल्या कमिशनवरच भागतो. एक अवशेषस्थळ आणि एक, फार तर दोन सेनोते, एवढाच कार्यक्रम असलेली लहान व्हॅनची सहल थोडी महाग पडली तरी घ्यावी. पैसे भरण्यापूर्वी कंपनीला पुढील गोष्टी लेखी विचाराव्यात.

१. अवशेषांच्या फाटकाशी आपण किती वाजता पोहोचणार, आणि ती वेळ कानकूनच्या घड्याळाची की युकातानच्या?
२. तिथे एकूण किती वेळ, त्यात गाइडसोबत किती आणि मोकळा किती?
३. प्रवेशशुल्क किमतीत धरलेले आहे का? चिचेन इत्झाला परदेशी प्रवाशाला केंद्राचे आणि राज्याचे अशी दोन वेगळी शुल्के भरावी लागतात आणि दोन्ही मिळून रक्कम ६०० पेसोंच्या वर जाते. जाहिरातीत अतिशय कमी दिसणारी किंमत बहुधा हे शुल्क वगळून लिहिलेली असते आणि ते नंतर बसमध्ये ‘कर’ म्हणून रोख मागितले जाते.
४. गाइड शासनमान्य परवानाधारक आहे का, आणि गटात इंग्रजी व स्पॅनिश अशा दोन भाषांचे लोक एकत्र असणार का? दोन भाषांत सांगणाऱ्या गाइडकडून प्रत्येकाला निम्मीच माहिती मिळते.
५. सेनोते अवशेषांच्या आधी की नंतर?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘आधी’ असे आले, तर ती सहल घेऊ नये. सकाळी गार पाण्यात डुंबून ऐन दुपारी सावली नसलेल्या मैदानात उभे राहण्यात काहीच शहाणपण नाही.

पहिल्या प्रश्नातला घड्याळाचा मुद्दा किरकोळ वाटेल, पण त्याने अनेकांचा गोंधळ उडतो. कानकून आणि तुलुम हे किंताना रो राज्यात येतात, तर चिचेन इत्झा व वायादोलिद युकातान राज्यात; किंताना रोचे घड्याळ वर्षभर एक तास पुढे असते. कानकूनहून सकाळी सहाला निघालेला माणूस अडीच तासांनी चिचेन इत्झाला पोहोचतो, तेव्हा तिथे साडेसातच वाजलेले असतात आणि फाटक आठला उघडते. सकाळी मिळालेला हा तास परतताना जातो, हे संध्याकाळच्या जेवणाचे किंवा विमानाचे गणित मांडताना ध्यानात ठेवावे. सीमेच्या आसपास मोबाइलचे घड्याळही आपोआप बदलते, म्हणून बसमध्ये परत येण्याची वेळ गाइडच्या घड्याळाशी ताडून घ्यावी.

पिशवीत काय असावे

पोहण्याचे कपडे आतून घालूनच निघावे. टॉवेल, कोरड्या कपड्यांचा एक जोड, ओल्या कपड्यांसाठी प्लास्टिकची पिशवी, पाण्यात चालणाऱ्या रबरी चपला, रुंद काठाची टोपी आणि भरपूर पिण्याचे पाणी बरोबर घ्यावे. सनस्क्रीन आणि डासांचे मलम यांचा प्रश्न थोडा वेगळा आहे. सेनोतेत उतरण्यापूर्वी अंगावरचे सगळे धुऊन टाकण्याचा नियम असतो, कारण ही रसायने थेट भूजलात मिसळतात. म्हणून उन्हापासून बचावासाठी सुती पूर्ण बाह्यांचा सदरा अधिक कामाचा. पेसोंमध्ये रोख रक्कम जवळ असावी. लॉकर, शीतपेये, स्वच्छतागृह आणि बक्षिशी यांसाठी ती लागते, आणि डॉलर दिल्यास दर तोट्याचा मिळतो. ड्रोन आणि ट्रायपॉड हॉटेलवरच ठेवावेत.

अवशेषांमध्ये

फाटक उघडताच आत शिरणाऱ्यांना पहिला तासभर कुकुलकान या सर्पदेवाचा पिरॅमिड जवळजवळ मोकळा पाहायला मिळतो. दहाच्या पुढे कानकूनच्या मोठ्या बस येऊ लागतात. सुमारे ३० मीटर उंचीच्या या पिरॅमिडच्या चार बाजूंना प्रत्येकी ९१ पायऱ्या आहेत आणि माथ्यावरचा चौथरा धरून त्यांची संख्या ३६५ होते. मार्च आणि सप्टेंबरमधील विषुवदिनांच्या सुमारास दुपारी उत्तरेकडील जिन्याच्या कठड्यावर सावल्यांचे त्रिकोण पडतात आणि खालच्या दगडी सर्पमुखाला जोडून एक सरपटणारा देह तयार झाल्याचा भास होतो. ते पाहायला हजारोंची गर्दी लोटते. पिरॅमिडवर चढायला बंदी आहे. त्याच्या पोटात आणखी जुना पिरॅमिड आहे आणि तिथे १९३०च्या दशकात लाल रंगाचे, हिरव्या जेडचे ठिपके जडवलेले जग्वाराच्या आकाराचे आसन सापडले, पण तो भागही पर्यटकांना बंद आहे. जिन्यासमोर उभे राहून टाळी वाजवली की प्रतिध्वनी पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा येतो. हा खेळ प्रत्येक गट करतो. आपणही एकदा करावा आणि पुढे निघावे.

पुढे जाऊन वेळ द्यायचा तो चेंडूच्या मैदानाला. सुमारे १६८ मीटर लांबीचे हे मैदान प्राचीन मध्य अमेरिकेतल्या अशा मैदानांमध्ये सर्वांत मोठे मानले जाते. त्याच्या भिंतींवर उंचावर दगडी कडी आहेत आणि पायथ्याच्या शिल्पपट्टांवर शिरच्छेद झालेला खेळाडू कोरलेला आहे. ‘इथे जिंकणाऱ्याचा बळी जात असे’ असे गाइड रंगवून सांगतात. शिल्पात बळी दिसतो. तो जिंकलेला की हरलेला, हे शिल्प सांगत नाही. बळींच्या कथांपलीकडे या समाजाविषयी विचारण्यासारखे पुष्कळ आहे, आणि चांगल्या गाइडला प्रश्न आवडतात. एल काराकोल या गोल इमारतीच्या खिडक्या आणि शुक्राचे निरीक्षण, माया लेखनातले शून्याचे चिन्ह, योद्ध्यांच्या मंदिराभोवतीची खांबांची रांग, यांविषयी जरूर विचारावे. शून्याचा विषय निघाला की भारतीय माणसाचे कान टवकारतातच; मायांनी ते चिन्ह भारताशी काहीही संबंध नसताना स्वतंत्रपणे घडवले होते. तो गाइड स्वतः माया असण्याचीही बरीच शक्यता असते, कारण या द्वीपकल्पात युकातेक माया भाषा आजही लाखो लोक बोलतात. त्यामुळे ‘माया लोक नाहीसे झाले’ असे त्याच्यासमोर म्हणू नये.

मोकळ्या वेळात उत्तरेकडच्या जुन्या पांढऱ्या रस्त्याने पवित्र सेनोतेपर्यंत चालत जावे. इथे पोहायचे नसते. उभ्या कड्यांच्या तळाशी हिरवे पाणी आहे आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एडवर्ड थॉम्पसन यांनी त्यातून गाळ उपसून सोने, जेड, धूपाचे गोळे आणि माणसांची हाडे बाहेर काढली. पर्जन्यदेव चाक याला वाहिलेली ती अर्पणे होती. ज्या प्रदेशाच्या उत्तर भागात जमिनीवर एकही मोठी नदी नाही, तिथे पावसाच्या देवाला इतके महत्त्व का, हे या काठावर उभे राहिल्यावर वेगळे सांगावे लागत नाही. वाटेवर दोन्ही बाजूंनी विक्रेते बसतात; घासाघीस चालते, पण खरेदी परतताना करावी.

सेनोतेत उतरताना

युकातानची जमीन चुनखडीची आहे. पावसाचे पाणी तिच्यात झिरपून दगड विरघळवते, आत गुहा तयार होतात आणि एखाद्या गुहेचे छत कोसळले की भूजल उघडे पडते, तोच सेनोते. द्वीपकल्पाच्या वायव्येला सेनोतेंचे एक मोठे अर्धवर्तुळ आहे आणि ते सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी चिक्शुलूब येथे आदळलेल्या अशनीच्या, आता गाडल्या गेलेल्या विवराची कड दाखवते. लोणारचे विवर पावणेदोन किलोमीटरच्या आसपास रुंद आहे. चिक्शुलूबचे जवळपास १८० किलोमीटर. आपल्या दख्खनचा काळा पाषाण ज्या ज्वालामुखींनी घडवला, तेही त्याच काळात धगधगत होते.

सहलींमध्ये बहुतेकदा इक किल हे नाव असते. चिचेन इत्झापासून ते तीन किलोमीटरवर आहे. पाणी जमिनीपासून सुमारे २६ मीटर खाली आहे आणि वरून झाडांची मुळे व वेली लोंबतात. सुंदर आहे, पण दुपारी तिथे जिन्यावरच रांग लागते. निवड हाती असेल, तर वायादोलिदजवळचे श्केकेन आणि सामुला हे समोरासमोरचे गुहेतले सेनोते पाहावेत; श्केकेनच्या छतातल्या छिद्रातून येणारा उन्हाचा झोत पाण्यात खोलवर उतरतो. गुडघे दुखणाऱ्यांसाठी मात्र गुहेतल्या ओल्या पायऱ्या त्रासाच्या आहेत, आणि अशांनी वायादोलिद गावातच असलेला सेनोते काठावरून पाहिला तरी चालेल.

उतरण्यापूर्वी शॉवर घ्यावा, दागिने काढून ठेवावेत आणि लाइफ जॅकेट घालावे. पुष्कळ ठिकाणी ते सक्तीचे असते, पण नसले तरी घालावे. गावाकडच्या विहिरीत पोहायला शिकलेल्यांना हे पाणी ओळखीचे वाटेल: पहिल्या पायरीनंतर लगेच खोल, उथळ भाग जवळपास नाही, आणि पाणी सुमारे २५ अंशांचे, म्हणजे उन्हातून आलेल्या अंगाला चांगलेच गार. म्हणून एकदम उडी न मारता आधी हातपाय ओले करावेत. पोहता न येणाऱ्यांनी आडव्या बांधलेल्या दोराला धरून राहावे. मुलांना एका हाताच्या अंतराबाहेर जाऊ देऊ नये. उडी फक्त त्यासाठी राखलेल्या ओट्यावरूनच मारावी आणि पाण्याखालच्या गुहेच्या तोंडाशी, कितीही चांगले पोहता येत असले तरी, प्रशिक्षित गोताखोराशिवाय जाऊ नये.

जेवण आणि परतीचा प्रवास

बहुतेक सहलींत दुपारचे बुफे जेवण असते. पेये मात्र वेगळी आकारली जातात. युकातानचे प्रसिद्ध पदार्थ मांसाहारी आहेत: कोचिनिता पिबिल हे केळीच्या पानात शिजवलेले डुकराचे मांस, आणि लिंबाचे सूप वाटणारे सोपा दे लिमा हेही कोंबडीच्या रश्श्याचे. शाकाहाऱ्यांची खरी फसगत शाकाहारी दिसणाऱ्या काळ्या घेवड्यात होते, कारण तो पुष्कळदा डुकराच्या चरबीत परतलेला असतो. ‘सिन कार्ने, सिन पोयो, सिन मांतेका’ म्हणजे मांस, कोंबडी आणि चरबी नको, एवढे पाठ करून जावे. मक्याची तोर्तिया, भात, अॅव्होकाडो, पपई यांवर वेळ निभावते. आबानेरो मिरचीचा सॉस आपल्या तिखटाच्या अभिमानावर विसंबून ओतू नये. कडक पथ्य पाळणाऱ्यांनी आदल्या दिवशीच डबा भरून घ्यावा, पण तो अवशेषांच्या आवारात नेता येईलच असे नाही, बसमध्ये ठेवावा.

निघताना गाइड आणि चालक यांना बक्षिशी वेगवेगळी द्यावी, कारण एकाच्या हातात दिलेली रक्कम दुसऱ्यापर्यंत पोहोचेलच असे नाही. परतीच्या बसमध्ये वातानुकूलन जोरात असते. ओले केस आणि ओले कपडे घेऊन तीन तास बसण्यापेक्षा सेनोतेवरच कपडे बदलावेत. कानकूनला पोहोचायला रात्रीचे सात-आठ वाजतात, आणि घड्याळ एक तास पुढे गेलेले असते. त्यामुळे त्याच रात्रीचे विमान पकडण्याचा बेत करू नये.