अमेरिकेचा इतिहास लिहिताना या चुका टाळा, तारखा पाठ असूनही मार्क जातात

यूपीएससी मेन्सला जागतिक इतिहास असतो त्यामुळे अमेरिकन क्रांती, सिव्हिल वॉर, महामंदी सगळ्यांनी केलेलंच असतं, पण उत्तरं तपासली की तारीख बरोबर आणि कारण साफ चुकलेलं असं बऱ्याचदा दिसतं.

बोस्टन टी पार्टीच घ्या. इंग्रजांनी कर वाढवला, चहा महागला म्हणून लोकांनी पेट्या समुद्रात टाकल्या, असं सर्रास लिहितात. उलटंय! 1773 च्या टी अ‍ॅक्टमुळे चहा स्वस्त होणार होता. ईस्ट इंडिया कंपनी (हो, आपल्या डोक्यावर बसलेली तीच) डबघाईला आलेली, तिचा पडून असलेला माल थेट अमेरिकेत विकायची सवलत दिली आणि जुना कर तसाच ठेवला. म्हणजे चहा स्वस्तात घ्या पण कर लावायचा आमचा हक्क मुकाट मान्य करा, वर तिथले व्यापारी आणि स्मगलर दोघांच्या पोटावर पाय. 16 डिसेंबरला 342 पेट्या पाण्यात गेल्या त्या यामुळे.

1776 ला स्वातंत्र्याची फक्त घोषणा झाली हेही विसरतात. इंग्लंडने स्वातंत्र्य मान्य केलं 1783 च्या पॅरिस तहात, आणि वॉशिंग्टन प्रेसिडेंट झाला 1789 ला.

सगळ्यात जास्त गडबड गुलामगिरीत. "लिंकनने 1863 ला गुलामगिरी संपवली" हे एक वाक्य लिहून लोक मोकळे होतात. लिंकनचा 1863 चा मुक्तीचा जाहीरनामा सिव्हिल वॉरमध्ये फुटून निघालेल्या दक्षिणेतल्या बंडखोर राज्यांतल्या भागांपुरताच होता, केंटकी, मिसूरी, मेरीलँड, डेलावेअर ही गुलाम असलेली पण युनियनमध्ये (म्हणजे लिंकनच्या बाजूला) राहिलेली राज्यं त्यात नव्हतीच. टेक्सासच्या गॅल्व्हेस्टनमध्ये सुटकेचा हुकूम वाचला गेला 19 जून 1865 ला, आणि देशभर कायद्याने बंदी आली त्याच डिसेंबरमध्ये, तेराव्या घटनादुरुस्तीने. बरं, इथेही थांबू नका. जोतीरावांनी 1873 ला 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली हे आपण अभिमानाने कोट करतो, करायलाच पाहिजे, पण ते साल नीट बघा. तेव्हा दक्षिणेत काळे लोक मतदान करत होते, हायरम रेव्हल्स हे काळे नेते तर 1870 लाच सिनेटमध्ये पोचले होते, त्यामुळे जोतीराव भाबडेपणाने लिहीत होते असं कोणी म्हणत असेल तर ते चूक. पुढे 1877 ला केंद्राचं सैन्य दक्षिणेतून मागे घेतलं आणि नंतर पोल टॅक्स (मत द्यायचं तर भरावा लागणारा कर), साक्षरतेच्या परीक्षा असले प्रकार करून काळ्यांचं मतदान जवळपास बंद पाडलं. माझ्या मते खरा टर्निंग पॉइंट 1877 हाच, आणि नोट्समध्ये त्याला एखादीच ओळ मिळते.

महामंदीत 1929 ला शेअर मार्केट कोसळलं एवढंच लिहून पेन खाली ठेवू नका, पुढची तीनेक वर्षं बँका पटापट बुडत होत्या आणि 1933 ला चारातला एक कामगार बेकार होता.

राहिला 1965 चा इमिग्रेशन कायदा, हा बरेच जण गाळतातच. 1946 च्या कायद्याने भारतीयांना वर्षाला फक्त 100 चा कोटा होता, देशावर ठरणारी ही कोटा पद्धत 1965 च्या कायद्याने मोडीत काढली, म्हणून तर आपल्याकडचे डॉक्टर-इंजिनिअर तिकडे जाऊ शकले. फक्त त्याच वर्षीच्या मतदान हक्क कायद्याशी सरमिसळ नको, तो 6 ऑगस्टचा आणि हा 3 ऑक्टोबरचा.