भाषेची अडचण असलेल्या मुलांशी बोलताना या चुका टाळा

"काय खाशील? पोहे खाशील? अरे, पोहे का उपमा? सांग न लवकर!" सहा वर्षांचा पोरगा तोंड उघडतो, पुन्हा मिटतो. आई माझ्याकडे वळते, "पाहा न मॅडम, उत्तरच देऊन नाही राहिला."

तो देतच होता. पहिल्या प्रश्नाची जुळवाजुळव चालू असताना दुसरा येऊन आदळला. आपल्याला वाटतं, शब्द बदलून विचारलं की सोपं होतं. डीएलडी, म्हणजे भाषेचा विकासात्मक विकार (भाषा समजायला, बोलायला सतत अडचण) असलेल्या मुलाला मात्र ते नवंच वाक्य असतं. इंग्लंड-अमेरिकेतल्या पाहण्यांत अशी मुलं सुमारे ७ टक्के आढळली, म्हणजे तीसच्या वर्गात दोघं. यातली बरीच मुलं ऐकलेलं उलगडायला जास्त वेळ घेतात. याचा अर्थ ती मठ्ठ आहेत असा नाही.

शिक्षणाच्या अभ्यासक मेरी बड रो यांनी १९७०च्या दशकात अमेरिकेतल्या वर्गांत पाहिलं, की शिक्षक प्रश्न विचारून जेमतेम एक सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबल्यावर मुलांची उत्तरं लांबली. ही तर अशी अडचण नसलेली मुलं होती! आपल्या पोरासाठी मनात दहापर्यंत मोजा. पुन्हा विचारायचंच तर तेच शब्द वापरा. त्याचं वाक्य तुम्ही पूर्ण करू नका. मी त्या आईला मोजायला लावलं. सातवर आवाज आला, "पोहे. तर्री नको."

सूचनाही तपासा. "डबा बॅगेत ठेवण्याआधी बाटली भर." यात जे आधी करायचं ते शेवटी ऐकू येतं, आणि मराठीत क्रियापद येईपर्यंत सगळं डोक्यात धरून ठेवावं लागतं. त्यापेक्षा "बाटली भर" म्हणा. भरून झाली की "डबा ठेव".

आणि कूलर! नागपूरच्या मे महिन्यात त्याच्या घरघरीत आपल्यालाच अर्धं ऐकू येत नाही. महत्त्वाचं बोलताना दोन मिनिटं बंद करा, नाहीतर जवळ जाऊन समोर बसा.

घरी मराठी, गल्लीत हिंदी, शाळेत इंग्रजी, म्हणून पोरगा गोंधळला असं सांगून कोणी मराठी बंद करायला लावलं तर ऐकू नका. जास्त भाषांमुळे हा विकार होत नाही.

उत्तरासाठी थांबा, तपासणीसाठी नको. "मामाही उशिराच बोलला होता" यात वर्षं जातात. आधी कान तपासून घ्या, मग स्पीच थेरपिस्ट गाठा. येत असलेले शब्द जाऊ लागले असतील, तर याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांकडे जा.